आपल्या खुणा, आपल्या घरी : प्रस्तावना

माझ्या यादीतली सर्वांत जुनी नोंद एका शब्दाची आहे : ‘चिंचोटी’. तारीख जून २००७. शब्दाखाली एक पत्ता आहे आणि त्या पत्त्यावर आता काहीच नाही. कुणाच्या तरी ब्लॉगवरचे पान असावे. त्यात धबधब्याची वाट होती, तुंगारेश्वरच्या जंगलातल्या पक्ष्यांची यादी होती, की कामणकडे जाणाऱ्या रस्त्याबद्दल काही होते, ते आता कळायला मार्ग नाही. मी चिंचोटीतच, महामार्गाच्या कडेला राहतो. आमच्या गावाचे नाव इंटरनेटवर कुठे दिसले की त्या काळी फार आनंद व्हायचा आणि ते पान मी जपून ठेवायचो. पत्ता जपला, शीर्षक जपले, तारीख आपोआप पडली. ते पान मला का हवे होते, एवढेच लिहायचे राहिले.

पुढे, ज्या सेवेत माझ्या हजारभर खुणा साठल्या होत्या ती बंद व्हायची सूचना आली. फाइल उतरवून घेतली आणि एका रविवारी सगळी वाचून काढली. अशा मुक्या ओळी शेकड्यांनी निघाल्या. मग २०१६ च्या पावसाळ्यात, नायगावहून घरी आल्यावर रोज तासभर बसून मी स्वतःपुरते एक साधन लिहायला घेतले. त्याचे काम तीनच गोष्टींचे होते : दुवा ठेवायचा, दुव्याबरोबर पानाची प्रत ठेवायची, आणि ‘हे का ठेवले’ याचे एक वाक्य लिहिल्याशिवाय नोंद पुरी होऊ द्यायची नाही. हे पुस्तक त्या साधनातून आले. ज्याला थोडाफार संगणक कळतो अशा कुणालाही आपला बुकमार्क सांभाळणारा प्रोग्राम आपणच बांधता यावा, एवढाच त्याचा हेतू आहे.

बुकमार्क हा शब्द आता मराठीतच रुळला आहे, पण मराठी संकेतस्थळांनी त्याला आपले शब्दही दिले. २००७ साली सुरू झालेल्या ‘मिसळपाव’वर वाचनखूण साठवायची सोय होती. वाचकांनी तिचे ‘वाखु’ करून टाकले, आणि लेखाखाली ‘वाखु साठवली आहे’ असे कुणी लिहिले की लेखकाला मोठी दाद मिळाल्यासारखे वाटे. १९९६ पासून चालत आलेल्या ‘मायबोली’वर ‘निवडक १०’ आहेत. तिथे जागा दहाच. नवा लेख आत घ्यायचा तर जुना बाहेर काढावा लागतो. मला ही मर्यादा फार शहाणपणाची वाटते, कारण तिच्यामुळे खूण करताना माणूस थांबतो आणि विचार करतो. मात्र या दोन्ही खुणा त्या त्या संकेतस्थळाच्या कुंपणाच्या आत राहतात. वाचणारा माणूस एक असतो आणि त्याच्या खुणा दहा ठिकाणी विखुरलेल्या असतात.

खुणा नीट लावून ठेवण्याचे काम महाराष्ट्राला नवे नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली आणि मग १९३८ ते १९५० चा दुसरा भाग सिद्ध केला. एखादे जुने पुस्तक खरोखर छापले गेले होते का, हे पाहायचे तर अभ्यासक आजही आधी ‘दाते सूची’ उघडतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली सु. मं. कत्रे यांनी संस्कृत महाकोशाचे काम सुरू केले. त्यासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून काढलेल्या चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात आहे. अशा चिठ्ठीवर शब्द असतो, तो कुठल्या ग्रंथात कुठे आला ते असते, आणि तो ज्या वाक्यात आला ते वाक्यही असते. वाक्य नसेल तर चिठ्ठी कोशकाराच्या उपयोगाची नाही. माझ्या २००७ च्या नोंदीत नेमके हेच वाक्य नव्हते.

संगणकाच्या बाजूने ही कल्पना पहिल्यांदा स्पष्ट मांडली ती व्हॅनिव्हर बुश या अमेरिकन अभियंत्याने, जुलै १९४५ च्या ‘अटलांटिक मंथली’त. त्याने एका टेबलाएवढ्या यंत्राची कल्पना केली आणि त्याला ‘मेमेक्स’ म्हटले. त्यात वाचकाची पुस्तके, पत्रे, कागदपत्रे सूक्ष्मपटावर असायची, आणि एका पानापासून दुसऱ्या पानापर्यंत वाचक आपली स्वतःची वाट आखून ठेवायचा. ती वाट मित्राला देताही यायची. यंत्र कधी तयार झाले नाही. पण बुशने एक गोष्ट अचूक हेरली होती. कागद साठवणे सोपे असते, तो आपल्या मनात कशाशी जोडलेला होता हे साठवणे अवघड असते. त्याच्या कल्पनेतला हा दुसरा भाग अजूनही बहुतेक साधनांत उतरलेला नाही.

प्रत्यक्षात जे उतरले ते बरेच साधे होते. १९९३ च्या ‘मोझेइक’ ब्राउझरमध्ये ‘हॉटलिस्ट’ नावाची यादी होती. पुढच्या वर्षी आलेल्या नेटस्केपने ‘बुकमार्क’ हा शब्द रूढ केला आणि सगळ्या खुणा एका मजकुराच्या फाइलीत लिहायला सुरुवात केली. आज कुठल्याही ब्राउझरमधून आपले बुकमार्क बाहेर काढा. जी फाइल हाती येते तिच्या पहिल्याच ओळीत नेटस्केपचे नाव असते. तो ब्राउझर कधीचा मागे पडला, पण त्याच्या फाइलीची रचना तीस वर्षे टिकली. ती कुणालाही साध्या संपादकात उघडून वाचता येते, हे तिच्या टिकण्याचे कारण. आपण जे बांधणार आहोत त्याचा पहिला नियम मी या फाइलीकडून घेतला आहे.

यानंतरच्या वाटचालीत मला पाच संप्रदाय दिसतात. ते वेगवेगळ्या काळी आले, पण नवा आला म्हणून आधीचा गेला असे झाले नाही. आजही सगळे शेजारी शेजारी नांदतात.

पहिला कप्प्यांचा, म्हणजे फोल्डरचा. फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी एक फोल्डर. ब्राउझर आपल्याला जन्मतः हेच देतो. दुसरा टॅगवाल्यांचा, आणि त्याचा आद्यपुरुष जोशुआ शॅक्टर. त्याने २००३ साली ‘डिलिशस’ सुरू केले तेव्हा तोही स्वतःचे दुवे सांभाळण्यासाठी केलेल्या घरगुती खटाटोपातूनच तिथवर पोचला होता. डिलिशसवर खुणेला हवे तितके टॅग लावता येत, आणि तोच दुवा आणखी कुणी कोणत्या शब्दांनी नोंदवला हेही दिसे. ग्रंथपालाने वरून ठरवलेले वर्गीकरण नाही, लोकांच्या बोलण्यातून वर आलेले वर्गीकरण. थॉमस व्हॅन्डर वाल याने २००४ मध्ये त्याला ‘फोक्सॉनॉमी’ असे नाव दिले. डिसेंबर २००५ मध्ये याहूने डिलिशस विकत घेतले. २००८ च्या अखेरीस तिथे ५३ लाख सदस्य आणि १८ कोटी वेगवेगळे दुवे होते. एवढा मोठा वाचकसमूह एकमेकांच्या खुणांवरून चालत होता, हे आज आठवले तरी मन भरून येते. डिसेंबर २०१० मध्ये ही सेवा गुंडाळली जाणार असल्याची बातमी फुटली आणि लोक आपापल्या फाइली उचलून निघाले. बरेच जण गेले ते माचेय सेग्लोव्स्की याच्या ‘पिनबोर्ड’कडे. २००९ साली त्याने ते सुरू केले होते, सभासदत्वाला पैसे पडत होते आणि त्यात सजावट शून्य होती. इकडे डिलिशस एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेले, आणि जून २०१७ मध्ये त्याच सेग्लोव्स्कीने ते ३५ हजार डॉलरला विकत घेतले. एका माणसाने चालवलेले छोटे दुकान मोठ्या पेढीपेक्षा जास्त टिकले. या क्षेत्रातली इतकी बोलकी घटना मला दुसरी माहीत नाही.

तिसरा संप्रदाय ‘नंतर वाचू’ म्हणणाऱ्यांचा. २००७ चे ‘रीड इट लेटर’, जे पुढे ‘पॉकेट’ झाले, आणि मार्को आर्मेंटचे २००८ चे ‘इन्स्टापेपर’. यांनी पानाभोवतीच्या जाहिराती बाजूला काढून मजकूर तेवढा समोर ठेवला. लोकलच्या गर्दीत, नेटवर्क नसताना वाचायला ही सोय अमोल होती. पण ‘नंतर वाचू’ची यादी आणि संदर्भांची यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली रिकामी व्हायला हवी, दुसरी वाढायला हवी. दोन्ही एकत्र केल्या की न वाचलेल्याचा ढीग वाचलेल्यावर बसतो. पॉकेट २०१७ मध्ये मोझिलाकडे गेले आणि ८ जुलै २०२५ ला बंद झाले.

चौथा संप्रदाय संग्राहकांचा. पत्ता नको, पानच ठेवा, असे ते म्हणतात. ब्रूस्टर केल याने १९९६ मध्ये ‘इंटरनेट आर्काइव्ह’ उभारले आणि २००१ पासून ‘वेबॅक मशीन’मधून जुनी पाने सर्वांना पाहता येऊ लागली. माणुसकीच्या कामांत मी या कामाला फार वरची जागा देतो. तरी आपल्या छोट्या ब्लॉगांचे प्रत्येक पान तिथे असेलच असे नाही. माझे २००७ चे पान तिथे नाही.

आणि पाचवा, ज्यात हे पुस्तक बसते, तो स्वतःच्या घरी बांधणाऱ्यांचा. फ्रान्समध्ये जन्मलेले ‘शार्ली’ २०११ पासून आहे. अरुण प्रकाश जाना यांचे ‘बुकू’ मुख्यतः टर्मिनलमधून चालते आणि सगळ्या खुणा एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एका फाइलीत ठेवते. ‘लिंकडिंग’, ‘वॉलाबॅग’, ‘आर्काइव्हबॉक्स’ अशी आणखी नावे आहेत. यातले काहीही आयते घेऊन वापरता येते, आणि ज्याला बांधायचे नाही त्याने ते जरूर घ्यावे. मग आपले वेगळे कशाला? या प्रश्नाचे खरे उत्तर मला देवनागरीत सापडले. त्याकडे वळण्याआधी कप्पे आणि टॅग यांच्या भांडणाबद्दल थोडे सांगतो, कारण ते भांडण आमच्या नाक्यावर उभे राहिले की लगेच समजते.

चिंचोटीबद्दलचे पान कोणत्या कप्प्यात घालावे? मी यादी सुरू केली तेव्हा ‘ठाणे जिल्हा’ हा कप्पा होता, त्यात ‘वसई’. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. आता वसईचा अख्खा कप्पा उचलून तिकडे न्यायचा का? मग त्याआधीच्या काळाबद्दलची, ठाणे जिल्हा म्हणूनच लिहिलेली पाने कुठे ठेवायची? महामार्गाचे कागद ‘राष्ट्रीय महामार्ग ८’ खाली होते, त्याच रस्त्याला आता ४८ म्हणतात. धबधबा तुंगारेश्वर अभयारण्यात आहे, म्हणजे तो ‘वन’ खाली हवा. पावसाळ्यात तिथे माणसे बुडतात, म्हणजे ‘सुरक्षा’ खालीही हवा. आमच्या नाक्यावरून कामण आणि पुढे भिवंडीकडे रस्ता फुटतो, म्हणून ‘वाहतूक’. एकाच पानाला सहा घरे, आणि कप्प्यांच्या पद्धतीत त्याला एकच मिळते.

हा पेच सोडवणारा माणूस आपल्याच देशात होऊन गेला. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये ‘कोलन वर्गीकरण’ मांडले. एका विषयाला एकच खुंटी नसते, त्याला अनेक पैलू असतात, आणि प्रत्येक पैलू स्वतंत्र नोंदवून नंतर जोडावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी पाच पैलू सांगितले, त्यात स्थळ आणि काळ हे दोन आहेत. मी माझ्या साधनात हेच दोन वेगळे काढले : कुठले पान, आणि कोणत्या काळाबद्दलचे. बाकी सगळे मोकळे टॅग. एवढ्यावर चिंचोटीचे सहाही पत्ते सांभाळले गेले. मोकळ्या टॅगांचे दुखणे मात्र राहतेच. आज ‘पाऊस’ लिहितो, उद्या ‘पावसाळा’, परवा ‘मॉन्सून’, आणि वर्षभराने तीन वेगळ्या खोल्या तयार झालेल्या असतात. त्यावर उपाय यंत्रात थोडा आहे आणि महिन्यातून एकदा आपले टॅग वाचून पाहण्यात जास्त आहे.

आता देवनागरी. हा भाग मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण आयती साधने इथेच अडखळतात आणि त्यांच्या कर्त्यांना बहुधा त्याची कल्पनाही नसते.

सुरुवात पत्त्यापासून. ज्या पत्त्यात ‘चिंचोटी’ हा शब्द आहे तो कॉपी करून पाठवला तर पलीकडे टक्क्याची चिन्हे, रोमन अक्षरे आणि आकडे यांची लांब माळ पोचते. युनिकोडच्या हिशेबाने या शब्दात सात चिन्हे आहेत : दोन च, एक ट, एक अनुस्वार, दोन वेलांट्या आणि एक ओकार. साठवताना प्रत्येकाला तीन बाइट लागतात, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन खुणांनी लिहिला जातो. म्हणजे साडेतीन इंचाच्या पडद्यावर एका शब्दाच्या ६३ खुणा. यादीत डोळ्यांना मराठी दिसले पाहिजे, म्हणून दाखवताना हा पत्ता उलगडावा लागतो, आणि पान मागवताना मूळ रूपातच पाठवावा लागतो. काम चार ओळींचे आहे, पण ते केले नाही तर यादी वाचता येत नाही.

मग शोध. एसक्यूलाइटमध्ये मजकूर शोधण्याची उत्तम यंत्रणा तयार मिळते. तिच्या नेहमीच्या मांडणीत मात्र अक्षरे आणि अंक एवढेच शब्दाचा भाग मानले जातात. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त यांचा युनिकोडमध्ये वेगळा वर्ग आहे, म्हणून यंत्रणा त्यांना शब्द तोडणारी चिन्हे समजते. ‘चिंचोटी’ची तीन शकले होतात : च, च, ट. ‘माळ’ शोधायला जावे तर मूळ, मेळा आणि मोळी सगळे समोर येते, कारण तिच्या लेखी ते सर्व म आणि ळ आहेत. मला हे कळायला तीन आठवडे लागले. माझाच कोड चुकला असे मी धरून चाललो होतो. उपाय एका ओळीचा निघाला : तक्ता तयार करतानाच या चिन्हांचे वर्गही शब्दाचा भाग आहेत असे सांगायचे. ती ओळ या पुस्तकात आहे, आणि ती शोधायला पुन्हा कुणाला तीन आठवडे लागू नयेत अशी माझी इच्छा आहे.

पुढची अडचण आपल्या लिहिण्याची. ‘किनाऱ्यावर’ हा शब्द पडद्यावर सारखाच दिसतो, पण त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकला जातो, आणि संगणकाला ते दोन निरनिराळे शब्द वाटतात. ‘ॲप’मधल्या ॲचे तेच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, तोवर लोक अ आणि वरचा चंद्र जोडून काम भागवत होते आणि अजूनही पुष्कळजण तसेच करतात. म्हणून नोंद आत घेताना आणि शोधताना, दोन्ही वेळा, मजकूर एका ठरावीक रूपात आणावा लागतो.

आणि सर्वांत खोल अडचण व्याकरणाची. मराठी शब्द वाक्यात जसाच्या तसा राहत नाही. ‘वसई’चे ‘वसईच्या’ झाले तर सुरुवातीची अक्षरे तीच राहतात, शोध लागतो. ‘धबधबा’चे ‘धबधब्यावर’ होते, तिथे शेवटचा काना सोडून शोधावे लागते. ‘विहीर’ मात्र ‘विहिरीत’ होते आणि ‘फूल’ ‘फुलांचे’. दीर्घाचा ऱ्हस्व होतो आणि साधा शोध तिथेच तुटतो. ‘पाऊस’ आणि ‘पावसात’ यांत तर पहिल्या अक्षरानंतर लगेच फरक पडतो. यावर विद्यापीठांतून मोठे संशोधन चालते. या पुस्तकात मी त्यातले थोडेसेच, घरगुती वापराला पुरेल इतकेच घेतले आहे : ऱ्हस्व-दीर्घ एक मानायचे, नेहमीचे प्रत्यय सोलायचे, आणि हट्टी शब्दांची एक हाताने केलेली यादी ठेवायची. माझ्या यादीत सध्या दोनशेच्या आसपास शब्द आहेत. वाचकाची यादी वेगळी होईल, कारण त्याचे वाचन वेगळे असेल.

युनिकोडच्या आधीची पाने हे एक वेगळेच दुःख आहे. शिवाजी, किरण, श्री-लिपी अशा फॉन्टांत लिहिलेला मराठी मजकूर म्हणजे प्रत्यक्षात रोमन संकेतांवर चढवलेला देवनागरी पेहराव. फॉन्ट नसला की पेहराव उतरतो आणि समोर अर्थहीन चिन्हे उरतात. अशा पानाची नुसती प्रत ठेवून भागत नाही, तो फॉन्ट ओळखून मजकूर युनिकोडमध्ये फिरवून ठेवावा लागतो. मराठी इंटरनेटच्या पहिल्या दशकाचा केवढा तरी भाग असा झाकला गेला आहे. ज्याच्याकडे अशी पाने असतील त्याने ती टाकू नयेत, ही माझी कळकळीची विनंती.

हे सगळे आत्ताच का लिहावेसे वाटले? ‘प्यू रिसर्च सेंटर’ने मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले, की २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. यात मराठीचा वेगळा हिशेब नाही, पण माझ्या यादीतल्या २०१३ पूर्वीच्या मराठी दुव्यांपैकी निम्म्याहून अधिक मेले आहेत. ब्लॉग लिहिणारे थांबले, नावाचे भाडे भरायचे राहिले, संकेतस्थळाची रचना बदलली आणि जुने पत्ते कुणी पुढे जोडले नाहीत. पूर्वी दुवा हरवला तरी शोधयंत्रात चार शब्द टाकून पान पुन्हा गाठता यायचे. आता शोधयंत्रे दुव्यांच्या आधी स्वतः रचलेले उत्तर पुढे करतात, आणि एखाद्या निवृत्त शिक्षकाने वसईच्या बावखलांवर, म्हणजे जुन्या तळ्यांवर, लिहिलेले साधे पान त्या गर्दीत वर यायची शक्यता कमी कमी होत चालली आहे. अशा पानापर्यंत पोचलेला वाचक हाच आता त्याचा राखणदार आहे.

आपल्याकडचे बहुतेक लोक दुवे कुठे ठेवतात हेही पाहायला हवे. ते व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवतात. ही पद्धत मी नावे ठेवण्यासारखी मानत नाही. ती सोपी आहे, हातातल्या फोनवर आहे, आणि कुणाला शिकवावी लागत नाही. आपले साधन तितके सोपे झाले नाही तर आपणही महिनाभरात तिकडेच परत जाऊ. म्हणून फोनवरच्या ‘शेअर’च्या यादीत आपल्या साधनाचे नाव दिसणे, हे या पुस्तकात मी शेवटच्या सजावटीसारखे न मानता अगदी लवकर घेतले आहे.

जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले तेव्हा आमच्याकडे ना वीज होती ना नेटवर्क. शेजारच्या घरातल्या आजींना रोजच्या औषधाबद्दल काही पाहायचे होते, आणि त्याची माहितीपत्रिका मी महिन्यापूर्वी त्यांच्यासाठीच खूण करून ठेवली होती. लॅपटॉपच्या उरलेल्या बॅटरीवर ती प्रत उघडली. ‘का ठेवले’ या रकान्यात लिहिले होते : ‘आजींची गोळी जेवणाआधी की नंतर’. पान आणि वाक्य दोन्ही जवळ होते, म्हणून दोन मिनिटांत काम झाले.

पुस्तकाच्या मर्यादा आधीच सांगतो. इथे बांधलेले साधन एका माणसाचे, फार तर एका घराचे आहे. त्यात सभासद, अनुयायी, आवडी-नावडी यांची सोय नाही. टॅग यंत्राने आपोआप सुचवावेत अशी व्यवस्था आज सहज करता येते, पण ती मी मुद्दाम केली नाही. पानात काय आहे हे यंत्र सांगेल, मला ते का हवे होते हे त्याला कुठून कळणार? भाषा पायथन घेतली आहे आणि साठवण एसक्यूलाइटची. दोन्ही फुकट मिळतात आणि जुन्या लॅपटॉपवरही धावतात. ज्याने आयुष्यात शंभर-दोनशे ओळींचा कोड लिहिला असेल त्याला हे पुस्तक जमेल. ज्याने अजिबात लिहिला नसेल त्याला पहिल्या दोन आठवड्यांत थोडे जड जाईल, मग जमेल.

काही ठिकाणी मी रेंगाळलो आहे, कारण छंदाचा आनंद तिथेच असतो. एकच पान पाच पत्त्यांनी कसे येते, मोबाइलचा पत्ता वेगळा, जाहिरातीचे शेपूट लावलेला वेगळा, आणि ते सगळे एक आहेत हे ओळखायचे कसे, यावर बरीच पाने खर्ची पडली आहेत. तारखांचेही तसेच. नेटस्केपच्या फाइलीत वेळ १९७० पासूनच्या सेकंदांत मोजलेली असते, तर क्रोम आपल्या आतल्या फाइलीत १ जानेवारी १६०१ पासूनचे मायक्रोसेकंद मोजतो. मायक्रोसेकंदांचे सेकंद केले, पण सुरुवातीच्या वर्षातला फरक ओळखला नाही, तर २०२० मधली खूण २३८९ सालची निघते. मला ती तशी निघाली होती, आणि कारण सापडले ती संध्याकाळ अजून लक्षात आहे. मेलेला दुवा ओळखण्यावरही लिहिले आहे, कारण सर्व्हरने ‘सर्व ठीक’ असे कळवले तरी पान ठीक असतेच असे नाही. जुन्या ब्लॉगच्या नावावर आज भलतीच जाहिरात बसलेली असू शकते.

प्रती ठेवण्याच्या कायदेशीर बाजूबद्दल वाचक विचारतील. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापर आणि संशोधन यांसाठी रास्त वापराला जागा आहे. आपली प्रत आपल्याजवळ ठेवावी, ती पुन्हा प्रसिद्ध करू नये, आणि जिवंत दुवा असेल तोवर दुसऱ्याला दुवाच द्यावा. लेखकाचे नाव नोंदीत आवर्जून लिहावे. पान गेल्यावर ते कुणी लिहिले होते एवढे तरी राहावे.

हस्तलिखित वाचून चुका दाखवणाऱ्या मित्रांचा मी ऋणी आहे. आपल्या खाजगी खुणांच्या फाइली चाचणीसाठी विश्वासाने हाती देणाऱ्यांचे ऋण त्याहून मोठे आहे. माणसाच्या खुणा म्हणजे त्याच्या काळज्या असतात, हे त्या फाइली उघडताना उमगले. त्या फाइली काम संपताच मी पुसल्या आहेत.

पुढचे पान उलटण्याआधी वाचकाने आपल्या ब्राउझरमधून बुकमार्कची फाइल बाहेर काढून एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी. पहिल्या संध्याकाळी तीच लागणार आहे. आणि ती एकदा वरपासून खालपर्यंत वाचावी. ज्या ओळीपाशी ‘हे मी का ठेवले होते’ असा प्रश्न पडेल तिच्यापुढे फुली मारावी. त्या फुल्या मोजून ठेवा, तिसऱ्या आठवड्यात त्यांचे काम आहे.

चिंचोटी, ता. वसई, जि. पालघर
सप्टेंबर २०२५